न दुखणारे रोग आणि आपल्या सवयी



वसंताचे दिवस, आंब्याचा हंगाम, लग्नसराई ऐन भरात; आणि अशा वेळी मला जळकोटला बोलावले ते मधुमेह आणि रक्तदाब ह्यांवर बोलायला! चालकांच्या धैर्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण भिऊ नका. आपल्या पुढची रसाची वाटी काढून घ्यायला मी आलेलो नाही. ती वाटी कोण वाढतो, किती वेळा वाढतो आणि 'पुरे' म्हटल्यावर पुढे काय होते, एवढेच आज आपल्याला पाहायचे आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी रोग म्हणजे पटकी, प्लेग, देवी, हिवताप. हे रोग दांडगे होते. दरवाजा ठोठावून घरात येत. देवी कधी आल्या, कोणत्या दिवशी ताप भरला, हे घरातल्या लहान पोरालाही सांगता येई. आजचे रोग तसे नाहीत. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा विकार, पक्षाघात, तंबाखूचा कर्करोग. ह्यांतल्या एकालाही आरंभाची तिथी नसते. ते कधी आले हे रोग्याला ठाऊक नसते, वैद्यालाही नसते. मग ते आले कसे, असा प्रश्न पडतो, आणि त्याला आपल्या समाजात दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणते, 'नशिबात होते.' दुसरे म्हणते, 'स्वतःच्या जिभेने ओढवून घेतले.' पहिल्या उत्तराने माणूस हातपाय गाळून बसतो. दुसऱ्याने तो लाजतो आणि रोग लपवतो. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, आणि दोन्ही घातक आहेत, हे दाखवण्याचा माझा प्रयत्न आहे.

धबधबा आणि धरण

आपल्याला एक जवळचे उदाहरण देतो. इथून सोलापूरच्या रस्त्याने थोडे गेले की नळदुर्गचा किल्ला लागतो. बोरी नदीला त्या किल्ल्यात बंधारा घातलेला आहे, त्यातच पाणी महाल आहे. पाऊसकाळ चांगला झाला की बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळू लागतात आणि ते पाहायला गावेच्या गावे लोटतात. आता मला सांगा, ते पाणी त्याच दिवशी आले काय? नाही. ते कित्येक दिवस भिंतीमागे मुकाट्याने चढत होते. धबधबा दिसला तो फक्त भरून वाहिल्याचा दिवस.

हे रोग असेच आहेत. पन्नाशीतला एखादा गृहस्थ छातीला हात लावून कोसळतो आणि लोक म्हणतात, 'कालपर्यंत धडधाकट होता हो!' तो धडधाकट नव्हता; भिंतीमागे पाणी चढत होते. आणि ते थेंबाथेंबाने चढवणारी जी गोष्ट, तिलाच आपण सवय म्हणतो.

हे पाणी चढते म्हणजे काय होते, ते थोडक्यात पाहू. आपण भाकरी खातो, भात खातो; त्याची पोटात साखर होते आणि ती रक्तात उतरते. रक्तातली साखर पेशींत शिरायला इन्सुलिन लागते. ते आपल्या जठरामागे असलेल्या स्वादुपिंडात तयार होते. साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. हातपाय हलत असले की हे गिऱ्हाईक माल उचलते, अगदी थोड्या इन्सुलिनवरही उचलते. हातपाय स्वस्थ असले की बाजारात माल पडून राहतो. त्यात पोटाच्या आत आणि यकृतात चरबी साठली की इन्सुलिनचा हुकूम पेशी नीट ऐकेनाशा होतात. मग स्वादुपिंड दुप्पट राबते, काही वर्षे राबत राहते आणि शेवटी थकते. उपाशीपोटी रक्तातली साखर १२६ च्या वर जाऊ लागली की आपण त्याला मधुमेह म्हणतो. परंतु तो मुक्कामाचा दगड आहे, प्रवास पुष्कळ आधी सुरू झालेला असतो. रक्तदाबाचेही तसेच. १४० वर ९० ही रेघ ओलांडली तरी काही दुखत नाही. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, मेंदू आणि हृदय ह्यांच्या बारीक नळ्या मात्र त्या दाबाने झिजत असतात.

हा शहराचा रोग नव्हे काय?

'हे रोग पुण्या-मुंबईच्या शेठजींचे. आम्हा कष्टकऱ्यांना कशाला होतील?' ही पहिली समजूत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशभर जी मोठी पाहणी केली तिचे पहिले आकडे २०११ साली बाहेर आले. त्यांत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी शेकडा ८.४ लोकांना मधुमेह आढळला, आणखी १२.८ लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे होते. शहरी भागात प्रमाण जास्त होते हे खरे. पण खेड्यांतही ते शेकडा साडेसहा निघाले. त्याच पाहणीचे सबंध देशाचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. मधुमेह शेकडा ११.४, रक्तदाब शेकडा ३५.५, आणि मधुमेही भारतीयांची संख्या दहा कोटींच्या वर! म्हणजे रक्तदाब हा आता प्रौढांच्या दर तिसऱ्या पाटावर जेवायला बसलेला आहे.

'बरे, पण तो लठ्ठांना होत असेल,' असे कोणी म्हणेल. इथे पुण्यात झालेले एक काम आपण समजून घेतले पाहिजे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. जन्मलेल्या मुलांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथल्या मुलांचे ३.५ किलो. आपली बाळे किरकोळ, हे सर्वांना ठाऊकच होते. परंतु मोजून पाहता असे दिसले की त्यांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. दिसायला काटकुळे आणि आतून चरबीचे! हेच मूल पुढे मोठे होते, बसून काम करू लागते, पोटभर खाऊ लागते. आणि वजनकाट्यावर फारसे न भरताही त्याच्या पोटाचा घेर वाढतो. म्हणून आपल्याकडे वजनापेक्षा कंबरपट्ट्याकडे पाहावे असे डॉक्टर सांगतात. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

गर्भातली उपासमार पुढे जन्मभर पुरते, ह्याचा पुरावा दुसरीकडेही मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४–४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडात मोठी अन्नटंचाई झाली. त्या काळात आईच्या पोटात असलेली माणसे पन्नाशीला आली तेव्हा त्यांना तपासले. साखर पचवण्याची त्यांची शक्ती इतरांपेक्षा कमी आढळली. मराठवाड्यात हॉलंडचे कौतुक कशाला सांगायचे? १९७२ च्या दुष्काळात आपल्याच आयाबहिणी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होत्या, सुकडीवर दिवस काढत होत्या. त्यांच्या पोटी तेव्हा वाढलेली पिढी आज पन्नाशीच्या पुढे आहे. तिला मधुमेह झाला तर 'जिभेने ओढवून घेतला' असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

पण म्हणून हे नशीबच, असेही नव्हे. घरात सून सर्वांच्या मागून, उरलेले जेवते. ही सवयच आहे. ती तिच्या एकटीची सवय नाही, घराची आहे. आणि तिच्या ताटातले जे कमी पडते ते नातवाच्या रक्तात पन्नास वर्षांनी उमटते. नातवाचा मधुमेह टाळण्याचा पहिला उपाय नातवाच्या जन्माआधी, सुनेच्या ताटात वाढायचा असतो.

'आम्ही राबतो, व्यायाम कशाला?'

दुसरी समजूत ही. १९५३ साली लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस ह्यांनी बसगाड्यांवरच्या नोकरांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या बसगाड्या दुमजली. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर मात्र तिकिटे देत दिवसभर जिने चढउतार करणारा. दोघांचा पगार, वस्ती, जेवण पुष्कळसे सारखे. तरी हृदयविकार ड्रायव्हरांत अधिक आढळला आणि कंडक्टरांत कमी. झाला तरी कंडक्टरांना तो उशिरा आणि सौम्य झाला. व्यायामशाळेत कोणीच जात नव्हते. फरक होता तो कामाच्या चालीत.

आता आपल्या गावाकडे पाहू. तीस-चाळीस वर्षांपूर्वी शेतकरी पहाटे उठून मोट-पाणी, नांगर, वैरण करत असे. बाई आडावरून पाणी शेंदत असे, जात्यावर दळत असे. आता पंपाचे बटण आहे, ट्रॅक्टर आहे, नळ आहे, गिरणी आहे. आणि शेतापर्यंत मोटारसायकल आहे. हे सर्व चांगलेच झाले. कुणाच्या आईला पुन्हा जात्याला बसवावे असे मी म्हणणार नाही. पण काम सुटले, आणि कामाच्या काळातले ताट तसेच राहिले. 'आम्ही शेतकरी, आम्ही राबणारे' हा अभिमान अंगात आहे. राबणे मात्र अंगातून गेले आहे. माणसाची स्वतःबद्दलची समजूत त्याच्या प्रत्यक्ष दिनक्रमाच्या वीस-तीस वर्षे मागे राहते, आणि त्या अंतरात हे रोग शिरतात.

आपल्या जुन्या वैद्यांना हे दिसले होते. चरकसंहितेत प्रमेहाची कारणे देताना बसून राहण्याचे सुख आणि झोपण्याचे सुख ह्यांचा उल्लेख आहे. सुख हा शब्द तिथे मुद्दाम आहे. हा रोग दुःखाच्या नव्हे, सुखाच्या वाटेने येतो.

आग्रहाची साखर

तिसरी गोष्ट समजुतीची नाही, प्रेमाची आहे. आणि म्हणूनच ती अवघड. आपल्याकडे पाहुणा आला की चहा. चहा 'गोड' नसला तर तो चहाच नव्हे. एका कपात दोन चमचे साखर धरली तर ती सुमारे दहा ग्रॅम होते. गावात चार घरी जाणारा, हॉटेलात दोनदा बसणारा माणूस दिवसाला सहा कप सहज घेतो. म्हणजे रोज साठ ग्रॅम, महिन्याला जवळजवळ पावणेदोन किलो साखर, निव्वळ चहातून! वरून घातलेली साखर सर्व मिळून दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत असावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपला गृहस्थ जेवणापूर्वीच ती मर्यादा ओलांडून बसलेला असतो, आणि 'मी गोड खातच नाही हो' असे शपथेवर सांगतो. तो खोटे बोलत नाही. चहाला तो गोड धरतच नाही.

आता ह्याला मधुमेह झाला असे समजा. तो एखाद्या घरी जातो आणि म्हणतो, 'वहिनी, मला बिनसाखरेचा.' लगेच उत्तर येते, 'का हो भाऊजी, आमच्या घरची साखर कडू आहे काय?' सगळे हसतात. तो ओशाळतो आणि तो कप घेतो. लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढणारा समोर उभा राहतो: 'एकाने काय होतंय? आज आमच्यासाठी.' नाही म्हटले तर मानपान, हो म्हटले तर साखर. मग पुष्कळ जण तिसरी वाट धरतात. आपल्याला रोग आहे हे चारचौघांत सांगतच नाहीत. विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुलामुलींच्या बाबतीत तर घरेच्या घरे ही गोष्ट दडवतात. दडवलेल्या रोगाला औषध वेळेवर मिळत नाही. आग्रह करणाऱ्या त्या वहिनींच्या मनात वाईट काही नसते. पण माणसाच्या निश्चयाचा पराभव शत्रूकडून क्वचित होतो, तो बहुधा अशा प्रेमाकडूनच होतो.

इथे भाकरीचाही एक शब्द बोलला पाहिजे. आपला मुलूख शाळूचा. अलीकडे शहरातले लोक ज्वारीला औषधासारखे मानू लागले आहेत. ज्वारी चांगली, तिच्यात कोंडा आहे, तंतू आहेत, पोट धरून ठेवते. पण ती जादू नव्हे. ज्वारीच्याही पिठाची साखरच होते. चार भाकऱ्या आणि चमचाभर कालवण ह्यापेक्षा दोन भाकऱ्या, भरपूर भाजी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, ताक आणि कांदा-काकडी हे ताट शहाणपणाचे. धान्य बदलण्यापेक्षा ताटातले प्रमाण बदलणे महत्त्वाचे. आणि मीठ? दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, एवढ्यात सबंध दिवस भागला पाहिजे. लोणचे, पापड, शेवचिवडा आणि पानाच्या कडेला वाढलेले मीठ हे सर्व त्याच चमच्यात धरायचे.

मिश्रीची डबी

तंबाखूवर मी उपदेश करणार नाही. तो सर्वांनी ऐकलेला आहे. फक्त एक आकडा सांगतो. २०१६–१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी शेकडा २६.६ लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. त्यांपैकी ओढणारे थोडे, शेकडा ३.८, चघळणारे आणि लावणारेच फार, शेकडा २४.४. म्हणजे आपली तंबाखू धुरातून दिसत नाही. ती चंचीत असते आणि चुलीजवळच्या मिश्रीच्या डबीत असते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण मिश्री दात घासण्याच्या नावाखाली घरात वावरते आणि आजीकडून सुनेकडे, सुनेकडून नातीकडे जाते. तिला कोणी व्यसन म्हणत नाही, सवय म्हणतात.

ती सवय कुठवर पोहोचते पाहा. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू-मिश्री वापरणाऱ्या मातांची बाळे इतरांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. मघाशी मी किरकोळ बाळाचे पुढे काय होते ते सांगितले. डबी आजीच्या हातात आणि त्याची किंमत पणतूच्या रक्तात, असा हा हिशेब आहे.

त्रास नाही, मग तपासणी कशाला?

आता चौथी आणि माझ्या मते सर्वांत मोठी समजूत. 'मला काही होत नाही. उगाच तपासून कशाला रोग काढायचा?' जणू काही तपासण्यानेच रोग निर्माण होतो!

ह्या समजुतीला उत्तर द्यायला परदेशात जायला नको. ते ह्याच जिल्ह्यात मिळाले आहे. जिल्ह्याचे नाव तेव्हा उस्मानाबाद होते. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था ह्यांनी मिळून १९९९ पासून इथल्या खेड्यांत एक मोठा प्रयोग केला. खेड्यांचे ५२ गट पाडले. त्यांतल्या ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी दिसणाऱ्या स्त्रिया त्यात होत्या. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग लवकर ओळखता येतो का आणि त्याने जीव वाचतात का, हा प्रश्न होता. काही गटांत वेगवेगळ्या पद्धतींनी एकदाच तपासणी केली. एका गटात नेहमीप्रमाणेच चालू ठेवले. त्या एका गटाला तपासणीवाचून ठेवणे न्याय्य होते काय, ह्यावर पुढे कडक टीकाही झाली, आणि ती विसरून चालणार नाही. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटात विषाणूची चाचणी एकदाच झाली होती तिथे ह्या कर्करोगाने आठ वर्षांत ३४ स्त्रिया दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे होते. एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले!

हा कर्करोग मधुमेहासारखा खाण्यापिण्यातून येत नाही. त्याचे कारण विषाणू आहे. पण धडा तोच. त्या स्त्रियांना तेव्हा काहीही दुखत नव्हते. दुखत नसताना दाखवायला गेल्या म्हणून त्यांतल्या कित्येक जणी वाचल्या. लाज, चुलीचे काम आणि 'मला काय होतंय' हे तिन्ही उंबरठे ओलांडून त्या घराबाहेर पडल्या. ह्या जिल्ह्याच्या त्या आयाबहिणींनी दिलेला धडा पुढे जगभरच्या डॉक्टरांनी अभ्यासला. तो आपणच विसरावा हे बरे नव्हे. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तीस वर्षांवरील माणसांचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य तपासण्याची सोय आहे. गाडीचे तेल आपण गाडी बंद पडण्याआधी पाहतो. स्वतःच्या बाबतीत मात्र बंद पडण्याची वाट पाहतो.

ह्याचीच दुसरी बाजू गोळ्यांची. 'एकदा गोळी सुरू केली की जन्मभर चिकटते' म्हणून लोक ती सुरूच करत नाहीत. किंवा आकडा उतरला की बंद करतात. गोळी चिकटत नसते हो, रोग चिकटलेला असतो. चष्म्याने डोळे बिघडतात असे आपण म्हणतो काय? कारल्याचा रस खुशाल घ्यावा. त्यासाठी गोळी सोडू नये, आणि आकडा चांगला आला तर तो गोळीचा आणि पथ्याचा गुण समजावा. कमी करायची तर डॉक्टरांनी करावी.

सवय बदलते काय?

शेवटचा प्रश्न उरतो. सवय बदलते का, आणि बदलून उपयोग होतो का? ह्याचे उत्तर आज आकड्यांत आहे. चीनमधील दाचिंग गावी १९८६ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरची ५७७ माणसे निवडली. काहींना आहाराचा, काहींना व्यायामाचा, काहींना दोन्हींचा सल्ला दिला. सहा वर्षांनी, ज्यांना विशेष काही सांगितले नव्हते त्यांच्यात शेकडा सुमारे ६८ जण मधुमेही झाले होते. सल्ला पाळणाऱ्या गटांत ४१ ते ४६. तीस वर्षांनी पुन्हा पाहिले तर सल्ला मिळालेल्यांत मधुमेह सरासरीने सुमारे चार वर्षे लांबलेला होता. आपल्याकडे चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन ह्यांनी अशाच ५३१ माणसांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नुसत्या पाहणीखाली असलेल्यांत शेकडा ५५ मधुमेही झाले. चालणे आणि आहार सांभाळणाऱ्यांत ३९. औषधाची गोळी घेणाऱ्यांतही जवळजवळ तेवढेच. म्हणजे पायी चालण्याने गोळीइतकेच काम केले.

पण ह्या आकड्यांची दुसरी बाजू झाकून ठेवू नका. सवय सांभाळूनही शेकडा ३९ जणांना रोग झालाच. म्हणून रोग्याकडे बोट दाखवू नये. सवय हा रोगावरचा जय नव्हे. ती आपल्या हातात असलेली पावले आहेत, आणि ती टाकली तर पुष्कळांचे पुष्कळ वाचते.

आता बदलायची कशी? निश्चयाच्या जोरावर एकट्याने केलेला बदल फार दिवस टिकत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. पाडव्याला सुरू केलेले फिरणे रामनवमीला थांबते! सवय ही वेलासारखी आहे. तिला चढायला खुंट लागतो. म्हणून नवी सवय जुन्या ठरलेल्या गोष्टीला बांधावी. रात्रीचे जेवण झाले की अंथरुणाआधी गावाच्या वेशीपर्यंत जाऊन यावे. सकाळचा चहा झाला की गोळी. महिन्याच्या पहिल्या बाजारच्या दिवशी रक्तदाब. चहाची साखर दोन चमच्यांवरून एकदम शून्यावर आणू नये. पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करावा, जीभ कुरकुर न करता शिकते. आणि हे सर्व घराने मिळून करावे. रोग्याचे वेगळे ताट मांडले की तो घरातच परका होतो. घराचेच ताट बदलले तर रोगी एकटा पडत नाही आणि मुलांचेही भले होते.

गावाने काय करावे? माझी एकच विनंती आहे. पाहुण्याला विचारायची रीत बदला. 'चहा गोड की कमी?' असे आधीच विचारा, आणि त्याने 'कमी' म्हटले की त्यावर विनोद करू नका. त्याला एवढीच मदत पुरे. मानपान साखरेत नसतो. माणसाचा शब्द ऐकण्यात असतो.

कोजागिरीच्या सुमारास सोलापूरहून हजारो माणसे रात्रभर चालत तुळजापूरला येतात. पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपासची वाट! तरुण येतात, म्हाताऱ्या येतात, आणि कोणालाही कोणी 'व्यायाम करा' म्हणून सांगत नाही. सगळे चालतात म्हणून प्रत्येक जण चालतो. वर्षाची ती एक रात्र आईच्या दर्शनाची. बाकीच्या रात्री अर्धा तास स्वतःच्या देहासाठी मागतो आहे.

आत्ता व्याख्यान संपेल. बाहेर पुष्कळ मोटारसायकली उभ्या आहेत, ते मी येताना पाहिले. ज्यांचे घर हाकेच्या अंतरावर आहे त्यांनी उद्याच्या व्याख्यानाला पायी यावे, आणि शेजाऱ्यालाही हाक मारून बरोबर घ्यावे.